एक प्रिंटर, सगळ्यांचे कॉम्प्युटर : शाळेत नेटवर्क प्रिंट सर्व्हर कसा बसवायचा?



संकलित मूल्यमापन जवळ आले की शाळेत प्रिंटरच्या टेबलाभोवती गर्दी होते. प्रत्येकाच्या हातात पेन ड्राइव्ह. कोणाची फाइल उघडत नाही, कोणाचा मराठी फॉन्ट बिघडून भलतीच अक्षरे दिसतात, कोणाच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस येतो. त्यातच ऑनलाइन माहिती भरायला कॉम्प्युटर अडकलेला असेल तर मुलांच्या सरावपत्रिका हमखास मागे पडतात. प्रिंटर शाळेचा असतो, पण वापर मात्र त्या एका कॉम्प्युटरपुरताच राहतो.

यावर उपाय आहे आणि तो बहुतेक शाळांमध्ये पडून असलेल्या सामानातूनच होतो. जुना कॉम्प्युटर, साधा यूएसबी प्रिंटर आणि वायफाय राउटर एवढे असले की शाळेतला विंडोजचा लॅपटॉप, लिनक्सचा कॉम्प्युटर, अँड्रॉइड फोन आणि आयफोन या सगळ्यांवरून त्याच प्रिंटरवर छापता येते. यालाच नेटवर्क प्रिंट सर्व्हर म्हणतात. घरी दोन-तीन लॅपटॉप आणि मुलांचा टॅब असेल तर पालकांनाही हीच पद्धत उपयोगी पडेल.

आधी कल्पना समजून घेऊ

प्रिंटरला फक्त स्वतःची भाषा कळते. आपल्या कॉम्प्युटरमधील फाइल त्या भाषेत सांगणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. अडचण अशी, की विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सवर चालत नाही, लिनक्सचा मॅकवर चालत नाही आणि साध्या प्रिंटरचा ड्रायव्हर फोनवर बसवताच येत नाही. म्हणजे पाच प्रकारची यंत्रे असतील तर पाच दुभाषी शोधत बसा!

प्रिंट सर्व्हर हे काम सोपे करतो. खरा दुभाषी फक्त सर्व्हरवर बसवायचा. बाकी सगळ्या यंत्रांनी सर्व्हरशी एका ठरलेल्या सामायिक भाषेत बोलायचे. या सामायिक भाषेचे नाव आयपीपी, म्हणजे इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल. तिची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी मायकल स्वीट यांचे कप्स हे सॉफ्टवेअर बाहेर आले. पुढे २००२ मध्ये ॲपलने मॅकमध्ये कप्स घेतले आणि लिनक्सवर तर आज छपाईचे काम प्रामुख्याने तेच करते. ते मोफत आहे, त्याचा सोर्स कोडही खुला आहे. म्हणून आपण कप्सच वापरणार आहोत.

सर्व्हरची कामे तीन : आलेली कामे रांगेत लावणे, त्यांचे प्रिंटरच्या भाषेत रूपांतर करणे आणि एकेक करून प्रिंटरकडे पाठवणे. शाळेच्या कार्यालयातील लिपिक जसे टपाल आवक नोंदवहीत घेऊन क्रमाने पुढे पाठवतात, अगदी तसेच.

आता मराठी फॉन्टबद्दल, कारण हा आपला रोजचा त्रास आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधली प्रश्नपत्रिका दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांचा गोंधळ होतो, कारण तो फॉन्ट तिथे नसतो. प्रिंट सर्व्हर असला की फाइल दुसरीकडे उघडावीच लागत नाही. पान तुमच्याच कॉम्प्युटरवर तयार होते आणि तयार झालेले पान सर्व्हरकडे जाते. त्यामुळे तुमच्या स्क्रीनवर जोडाक्षर जसे दिसते तसेच कागदावर उतरते.

काय काय लागेल?

१. जुना डेस्कटॉप किंवा लॅपटॉप. ६४-बिट प्रोसेसर आणि किमान २ जीबी रॅम हवी, ४ जीबी असेल तर उत्तम.

२. लिनक्स. नवख्यांसाठी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती सोयीची आहे. तिच्यात कप्स आधीपासूनच असते.

३. यूएसबी प्रिंटर आणि त्याची केबल.

४. वायफाय राउटर. इंटरनेटचा रिचार्ज संपला असला तरी चालेल! प्रिंट फक्त शाळेच्या आतल्या नेटवर्कवरून जाते. इंटरनेट लागते ते सुरुवातीला सॉफ्टवेअर उतरवण्यापुरते आणि अधूनमधून अपडेटसाठी.

रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवरही हे होते आणि त्याला वीज फार कमी लागते. मात्र काही कंपन्यांचे लिनक्स ड्रायव्हर नेहमीच्या इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरपुरतेच बनवलेले असतात, ते रास्पबेरी पायवर चालत नाहीत. विकत घेण्याआधी तेवढे तपासा.

प्रिंटर चालेल की नाही?

ही चौकशी सगळ्यात आधी करा, कारण पुढचे सगळे यावर अवलंबून आहे. एचपीच्या बहुतेक प्रिंटरसाठी एचपीलिप नावाचे सॉफ्टवेअर लिनक्सवर मिळते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दिसणारा लेझरजेट १०२० चालू केल्यावर प्रत्येक वेळी कॉम्प्युटरकडून त्याला फर्मवेअर द्यावे लागते. त्यासाठी एचपीलिपचे जादा प्लगइन एकदा उतरवून घ्यावे लागते, मग पुढचे काम ते आपोआप करते. एप्सनच्या अनेक इंकटँक प्रिंटरसाठीही लिनक्स ड्रायव्हर उपलब्ध आहेत. कॅननचा एलबीपी २९०० मात्र कॅप्ट नावाच्या वेगळ्या पद्धतीवर चालतो. तो लिनक्सवर बसवायला खटपट जास्त आहे. तुमच्याकडे तोच असेल तर तो विंडोजच्या कॉम्प्युटरला जोडून विंडोजमधूनच शेअर करणे सोपे पडेल. विंडोजच्या इतर कॉम्प्युटरची सोय त्यातून होते, फोनवरून थेट छपाईची होत नाही.

आणि नवीनच प्रिंटर घ्यायचा विचार असेल तर वायफाय किंवा लॅनची सोय आणि खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया हे शब्द आहेत का ते पाहा. अशा प्रिंटरच्या आतच छोटा प्रिंट सर्व्हर असतो.

सर्व्हर बसवण्याच्या पायऱ्या

एक सूचना : खाली पत्ते आणि नावे देवनागरीत लिहिली आहेत, पण टाइप करताना इंग्रजी अक्षरे आणि इंग्रजी आकडेच वापरा.

पायरी १ : सर्व्हरला कायमचा पत्ता द्या. राउटर प्रत्येक यंत्राला एक आयपी ॲड्रेस देतो आणि तो अधूनमधून बदलू शकतो. सर्व्हरचा पत्ता बदलला की सगळ्यांच्या प्रिंट अडतात. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन किंवा ॲड्रेस रिझर्व्हेशन शोधा आणि सर्व्हरसाठी एक पत्ता राखून ठेवा. समजा तो १९२.१६८.१.५० आहे. तुमच्या राउटरचे पहिले तीन आकडे वेगळे असू शकतात. जमल्यास सर्व्हर राउटरला लॅन केबलने जोडा.

पायरी २ : प्रिंटर जोडून चालू करा. सर्व्हरवर ब्राउझर उघडून पत्त्याच्या जागी लोकलहोस्ट, मग कोलन, मग ६३१ असे लिहा. कप्सचे पान उघडेल. ६३१ हा आयपीपीचा ठरलेला पोर्ट क्रमांक आहे.

पायरी ३ : ॲडमिनिस्ट्रेशन या टॅबवर जा. तिथे काही चौकटी दिसतील. 'शेअर प्रिंटर्स कनेक्टेड टू धिस सिस्टिम' या चौकटीत खूण करा. 'अलाउ प्रिंटिंग फ्रॉम द इंटरनेट' ही चौकट मोकळीच ठेवा. 'अलाउ रिमोट ॲडमिनिस्ट्रेशन' हीही मोकळी ठेवा. मग 'चेंज सेटिंग्ज' दाबा. नाव आणि पासवर्ड विचारला तर लिनक्सचाच द्यायचा.

पायरी ४ : 'ॲड प्रिंटर' दाबा. यादीतून यूएसबीने जोडलेला प्रिंटर निवडा. नाव देताना मध्ये जागा सोडू नका. इंग्रजीत 'शाला' एवढे साधे नाव पुरे. 'शेअर धिस प्रिंटर' या चौकटीत खूण करायला विसरू नका, नाहीतर प्रिंटर फक्त सर्व्हरवरूनच चालेल. मग यादीतून कंपनी आणि मॉडेल निवडा.

पायरी ५ : कागदाचा आकार ए४ करा. काही वेळा तो आधीपासून लेटर असा असतो. लेटर कागद २७९ मिलिमीटर लांब, ए४ मात्र २९७ मिलिमीटर. आकार चुकीचा राहिला तर प्रश्नपत्रिकेची शेवटची ओळ कापली जाऊ शकते. मग मेंटेनन्सच्या यादीतून चाचणी पान छापून पाहा.

चाचणी पान नीट आले की सर्व्हरचे मुख्य काम झाले. लिनक्समध्ये फायरवॉल चालू केलेली असेल तर ६३१ हा टीसीपी पोर्ट आणि फोनना प्रिंटर सापडावा म्हणून ५३५३ हा यूडीपी पोर्ट, दोन्ही शाळेच्या नेटवर्कसाठी मोकळे करा.

आता बाकीची यंत्रे जोडू

*विंडोज १० आणि ११* : सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्स उघडा आणि ॲड डिव्हाइस दाबा. प्रिंटर यादीत दिसला तर तोच निवडा. दिसला नाही तर हाताने जोडण्याचा पर्याय घ्या आणि 'सिलेक्ट अ शेअर्ड प्रिंटर बाय नेम' निवडा. तिथे एचटीटीपी, कोलन, दोन तिरप्या रेघा, १९२.१६८.१.५०, कोलन, ६३१, तिरपी रेघ, प्रिंटर्स, तिरपी रेघ, शाला असा पूर्ण पत्ता लिहा. मध्ये कुठेही जागा नको. ड्रायव्हर विचारला तर मायक्रोसॉफ्टच्या यादीतील 'पीएस क्लास ड्रायव्हर' निवडा. प्रिंटरच्या कंपनीचा ड्रायव्हर इथे मुद्दाम टाळायचा, कारण ते रूपांतर सर्व्हर करणार आहे. दोघांनी तेच काम केले तर कागदावर अगम्य चिन्हांची पानेच्या पाने येऊ शकतात.

*लिनक्स* : फार काही करावे लागत नाही. प्रिंटर बहुतेक वेळा आपोआप यादीत येतो.

*मॅक, आयफोन, आयपॅड* : ॲपलने २०१० मध्ये एअरप्रिंट आणले. कप्स शेअर केलेला प्रिंटर नेटवर्कवर जाहीर करते तेव्हा तो या यंत्रांना एअरप्रिंटचा प्रिंटर म्हणून दिसतो. फोटो किंवा पीडीएफ उघडा, शेअर दाबा, मग प्रिंट. झाले!

*अँड्रॉइड* : अँड्रॉइड ८ पासून फोनमध्ये छपाईची सेवा आधीच असते. सेटिंग्जमध्ये 'प्रिंटिंग' असे शोधा आणि डिफॉल्ट प्रिंट सर्व्हिस चालू आहे का पाहा. प्रिंटर दिसला नाही तर मोप्रिया प्रिंट सर्व्हिस हे मोफत ॲप घेऊन पाहा. पूर्वी फोनवरून छापायला अनेक जण गूगल क्लाउड प्रिंट वापरत, ती सेवा ३१ डिसेंबर २०२० नंतर बंद झाली. आता छपाईचे हे काम इंटरनेटवर न जाता शाळेच्या चार भिंतींतच होते. आपल्यासाठी ते बरेच आहे.

लक्षात ठेवा, फोन आणि सर्व्हर एकाच नेटवर्कवर हवेत. मोबाइल डेटावरून हे होणार नाही. राउटरच्या गेस्ट वायफायवरूनही सहसा होत नाही, कारण गेस्ट वायफायवरच्या यंत्रांना आतली यंत्रे दिसू नयेत अशीच त्याची रचना असते.

प्रश्नपत्रिकेची गुप्तता

हा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण तो बहुतेक मार्गदर्शिकांमध्ये सुटतो. कप्स छापून झालेल्या कामाची प्रत लगेच पुसत नाही. मूळ सेटिंगनुसार ती ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस सर्व्हरवर राहते. तोपर्यंत 'रीप्रिंट जॉब' हे बटण दाबून तेच काम पुन्हा छापता येते. सरावपत्रिकेसाठी ही सोय छानच आहे. पण उद्याच्या पेपरची प्रत अशी सर्व्हरवर पडून राहणे बरे नव्हे.

उपाय सोपा आहे. ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये 'एडिट कॉन्फिगरेशन फाइल' उघडा. शेवटी नवीन ओळीवर इंग्रजीत प्रिझर्व्हजॉबफाइल्स हा एकच सलग शब्द (प्रिझर्व्ह, जॉब आणि फाइल्स यांची पहिली अक्षरे मोठी), मग एक जागा, मग 'नो' असे लिहून सेव्ह करा. ती ओळ फाइलमध्ये आधीच असेल तर तीच बदला. आता छापून झाले की प्रत जाते. याबरोबर आणखी तीन नियम पाळा :

– सर्व्हरचा पासवर्ड मुख्याध्यापक आणि एक जबाबदार शिक्षक यांच्याकडेच असावा.

– शाळेच्या वायफायचा पासवर्ड फळ्यावर किंवा भिंतीवर नको. ज्याला वायफाय, त्याला प्रिंटर!

– राउटरमधून ६३१ हा पोर्ट बाहेरच्या इंटरनेटसाठी कधीही उघडू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्सच्या काही भागांमधील गंभीर त्रुटी जाहीर झाल्या होत्या. त्यांची दुरुस्ती अपडेटमधून आली. म्हणून महिन्यातून एकदा सर्व्हर इंटरनेटला जोडून अपडेट करा.

आणि प्रिंटरच्या ट्रेमधली कागदे कोणीही उचलू शकतो, हे कोणतेही सॉफ्टवेअर थांबवू शकत नाही. पेपर छापताना माणूस प्रिंटरपाशी उभा असलाच पाहिजे.

लाईट गेली तर?

आपल्याकडे हा प्रश्न पहिलाच येतो. तीन गोष्टी करून ठेवा.

पहिली, सर्व्हरच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर कॉम्प्युटर आपोआप चालू होण्याचे सेटिंग असते. ते करून ठेवा, म्हणजे रोज कोणी बटण दाबायला नको. जुना लॅपटॉप वापरला तर त्याची बॅटरीच यूपीएसचे काम करते.

दुसरी, प्रिंटर बंद असताना कोणी प्रिंट दिली तर कप्स कधी कधी रांगच थांबवते आणि वीज आल्यावरही काही छापत नाही. प्रिंटरच्या पानावर 'सेट डिफॉल्ट ऑप्शन्स' मध्ये पॉलिसीज हा भाग आहे. तिथे एरर पॉलिसी 'रिट्राय जॉब' अशी करा. रांग आधीच थांबलेली असेल तर 'रिझ्यूम प्रिंटर' दाबले की पुन्हा सुरू होते.

तिसरी, लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसवर लावू नका. शाई कागदावर पक्की करणारा भाग तापताना एकदम जास्त वीज ओढतो, यूपीएसला तो भार पेलत नाही. यूपीएसवर फक्त सर्व्हर आणि राउटर ठेवा.

नेहमीच्या अडचणी

– प्रिंटर कालपर्यंत दिसत होता, आज दिसत नाही : सर्व्हरचा पत्ता बदललाय का ते आधी पाहा. पायरी १ राहून गेली की हे होते.

– काम रांगेत दिसते पण छापत नाही : कागद, केबल आणि 'रिझ्यूम प्रिंटर' या क्रमाने तपासा.

– विंडोजवरून होत नाही, फोनवरून होते : ड्रायव्हर बदलून वर सांगितलेला पीएस क्लास ड्रायव्हर घ्या.

– स्कॅनर चालत नाही : प्रिंट सर्व्हर फक्त छपाई वाटून देतो. स्कॅनिंगची व्यवस्था वेगळी करावी लागते.

मुलांसाठी एक कृती

इयत्ता चौथी-पाचवीला हा विषय खेळातून छान समजतो. एक मूल प्रिंटर, एक मूल सर्व्हर. तीन मुले कामे घेऊन येतात : पहिले ५ पानांचे, दुसरे २ पानांचे, तिसरे १ पानाचे. एका पानाला एक मिनिट लागते असे धरा.

आधी सर्व्हरशिवाय खेळा. तिघे एकदम बोलतील आणि प्रिंटर झालेले मूल गोंधळेल. मग सर्व्हरला मध्ये उभे करा. आलेल्या क्रमाने कामे घेतली तर तिघांची कामे ५, ७ आणि ८ मिनिटांनी पूर्ण होतात. बेरीज २०. आता लहान काम आधी घ्या. कामे १, ३ आणि ८ मिनिटांनी पूर्ण होतात. बेरीज १२. प्रिंटरने दोन्ही वेळा ८ मिनिटेच काम केले, तरी वाट पाहणे कमी झाले! मग विचारा, "पाच पानांचं काम घेऊन आधी आलेल्याला शेवटी पाठवणं योग्य आहे का?" मुले यावर तावातावाने भांडतात. रांग, बेरीज, सरासरी आणि न्याय असे सगळे एका तासिकेत येते.

वर्गात घरी पावरी, कोरकू, हिंदी अशा वेगवेगळ्या भाषा बोलणारी मुले असतील तर सामायिक भाषेची कल्पनाही त्यांनाच सांगू द्या. मुलांना ती आपल्याआधी कळते.

शेवटी एवढेच

या कामाला साधारण एक सुट्टीचा दिवस काढा. आधी फक्त सर्व्हर आणि एक लॅपटॉप जोडा, दोन-चार दिवस वापरून पाहा, मग बाकीच्यांचे जोडा. सर्व्हरचा पत्ता, प्रिंटरचे नाव आणि विंडोजवर जोडण्याच्या पायऱ्या एका कागदावर छापून सर्व्हरपाशी चिकटवा, म्हणजे तुमची बदली झाली तरी शाळेची सोय बंद पडणार नाही. पासवर्ड मात्र त्या कागदावर नको.

शाळेत एखादा जुना कॉम्प्युटर 'निर्लेखनात काढायचा' म्हणून कोपऱ्यात ठेवला असेल तर त्याच्यावरची धूळ झटका आणि आधी हे करून पाहा. उद्या गणिताचा एखादा मुद्दा अर्ध्या वर्गाला समजला नाही, तर वर्गातूनच दहा उदाहरणांची सरावपत्रिका छापून त्याच तासिकेत मुलांच्या हातात देता येईल.